ध्रुवीय समुद्रावरचा बर्फ मोजताना

(शेगाव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर भूगोल शिकवला. म्हणून आजचा विषय मी भूगोलातलाच घेतला आहे. तो दूरचा वाटेल, कारण तो खरोखर दूरचा आहे. शेगावपासून उत्तर ध्रुव सुमारे ७,७०० किलोमीटर आणि दक्षिण ध्रुव सुमारे १२,३०० किलोमीटर. तिथल्या समुद्रावर साचणाऱ्या बर्फाचा नकाशा उपग्रहाच्या नोंदींवरून कसा तयार होतो, आणि त्या नोंदी अखंड चालू राहणे आपल्याला का महत्त्वाचे वाटले पाहिजे, हे मला सांगायचे आहे.

आधी कोणता बर्फ ते नक्की करू. अंटार्क्टिकाच्या जमिनीवर जो बर्फ आहे तो हिमवर्षावातून साठलेला, गोड्या पाण्याचा, काही ठिकाणी चार किलोमीटरहून अधिक जाड. त्याचा कडा तुटून समुद्रात तरंगू लागला की तो हिमनग. हे दोन्ही आजचे विषय नव्हेत. समुद्राचे खारे पाणीच गोठून जो पातळ थर तयार होतो, तो समुद्री बर्फ. त्याची जाडी बहुधा एक ते तीन मीटर. तो आधीच पाण्यावर तरंगत असल्यामुळे वितळला तरी समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. वर्तमानपत्रांत या तिन्हींची वारंवार गल्लत होते आणि त्यातून वाचकाच्या मनात कधी नको ती भीती, तर कधी नको ती बेफिकिरी निर्माण होते.

खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांना मीठ आणि पाणी यांच्या नात्याबद्दल मी वेगळे काय सांगणार? पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही आणि जमिनीत मीठ राहिले की पीक कसे मान टाकते, हे तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहता. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून ते शून्य अंशाला गोठत नाही. त्यासाठी तापमान उणे १.८ अंशांच्या आसपास जावे लागते. गोठताना बर्फाचे स्फटिक मिठाला आपल्या रचनेत जागा देत नाहीत. काही मीठ खाली पाण्यात ढकलले जाते, काही अतिखाऱ्या पाण्याच्या बारीक कप्प्यांत अडकून राहते. तो बर्फ एक-दोन उन्हाळे टिकला, तर हे कप्पेही झिरपून रिकामे होतात. उत्तर ध्रुवाकडचे लोक जुना समुद्री बर्फ वितळवून पिण्यासाठी वापरत आले ते याच कारणाने. आणि खाली ढकललेल्या मिठामुळे पाणी जड होऊन तळाकडे जाते. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ असे तयार झालेले थंड, जड पाणी हिंदी महासागराच्या तळाशी पसरत उत्तरेकडे येते.

हे रिकामे झालेले कप्पे लक्षात ठेवा. उपग्रहाला नवा बर्फ आणि जुना बर्फ वेगळा दिसतो तो त्यांच्यामुळे.

आता नकाशाकडे वळू. सगळ्यांच्या मनात येणारी पहिली कल्पना अशी, की वरून छायाचित्र काढावे आणि पांढरे तेवढे मोजावे. ध्रुवांवर ते चालत नाही. हिवाळ्यात तिथे महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही आणि उन्हाळ्यात ढग हटत नाहीत. शिवाय वरून पाहिले तर ढगही पांढरा आणि बर्फही पांढरा. म्हणून दुसरा मार्ग काढावा लागला. प्रत्येक वस्तू स्वतःहून काही ऊर्जा बाहेर टाकत असते, आणि तिचा अगदी क्षीण भाग सूक्ष्मलहरींच्या रूपात असतो. या लहरी बऱ्याच अंशी ढगांतून पार होतात आणि त्यांना सूर्यप्रकाशाची गरज नसते. उपग्रहावरचा रेडिओमीटर त्या मोजतो.

इथे एक विलक्षण गोष्ट घडते. पाणी सूक्ष्मलहरी फार कमी बाहेर टाकते. बर्फ पुष्कळ टाकतो. त्यामुळे सुमारे १९ गिगाहर्ट्‌झच्या आडव्या ध्रुवणात, म्हणजे लहरींचे आडवे कंपन मोजले तर, उघडे पाणी १०० ते १३० केल्विन इतके थंड ‘भासते’, तर शेजारचा बर्फ २२० ते २५० केल्विन. प्रत्यक्षात बर्फाचा पृष्ठभाग पाण्याहून कितीतरी गार असतो, तरी यंत्राला तोच उबदार वाटतो. शिवाय उभ्या आणि आडव्या ध्रुवणांतल्या लहरींचा फरक पाण्यात मोठा, बर्फात लहान. आणि जुन्या बर्फातल्या त्या रिकाम्या कप्प्यांमुळे ३७ गिगाहर्ट्‌झच्या आखूड लहरी विखुरतात, म्हणून १९ आणि ३७ गिगाहर्ट्‌झच्या नोंदी शेजारी ठेवल्या की बर्फाचे वयही कळू लागते. हे मी जेव्हा प्रथम समजून घेतले तेव्हा झालेला आनंद आजही कमी झालेला नाही. माणूस जिथे उभा राहू शकत नाही अशा अंधारातल्या समुद्राची कथा मिठाच्या सूक्ष्म कप्प्यांनी सांगावी, याहून सुंदर भूगोल मला माहीत नाही.

पण हा नकाशा म्हणजे छायाचित्र नव्हे, तो अंदाज आहे, आणि त्याचे नियम माणसांनी ठरवलेले आहेत. जगभर वापरल्या जाणाऱ्या नकाशात एक चौकोन साधारण २५ किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो. शेगाव, खामगाव आणि मधली सगळी शिवारे एकाच चौकोनात मावतील. त्या चौकोनाला एकच आकडा मिळतो: किती टक्के बर्फ. तो १५ टक्के किंवा त्याहून अधिक असला, तर तो सगळा चौकोन ‘बर्फाच्छादित विस्तार’ म्हणून मोजायचा, अशी रीत आहे. म्हणजे विस्ताराच्या आकड्यात उघडे पाणीही धरलेले असते. उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची तळी साचतात. यंत्राला तो उघडा समुद्र वाटतो आणि बर्फ प्रत्यक्षाहून कमी दिसतो. नुकताच धरलेला पातळ बर्फ अर्धवट पाण्यासारखाच दिसतो. किनाऱ्यालगत जमिनीची ऊर्जा मिसळते, खवळलेल्या समुद्रावरचा वारा आकडा फुगवतो. या चुका ज्याला ठाऊक नाहीत त्याने हा नकाशा वापरू नये, आणि ज्याला ठाऊक आहेत त्याने त्या लपवू नयेत. एकाच दिवसाचा आकडा म्हणूनच मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. तीच पद्धत, त्याच चुकांसह, चाळीस-पन्नास वर्षे चालवली की चुका बऱ्याच अंशी एकमेकींना छेद देतात आणि बदल उरतो. किंमत त्या बदलाची आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १९७४ चे. डिसेंबर १९७२ मध्ये सुटलेल्या निम्बस-५ या अमेरिकी उपग्रहावर सूक्ष्मलहरी मोजणारे यंत्र होते. त्याच्या नोंदींत अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात, ऐन हिवाळ्यात, गोठलेल्या विस्ताराच्या मधोमध उघड्या पाण्याचा प्रचंड पट्टा दिसला. जवळपास महाराष्ट्राएवढा! १९७५ आणि १९७६ च्या हिवाळ्यांतही तो दिसला, आणि मग नाहीसा झाला. खालून वर येणारे कोमट पाणी बर्फ धरू देत नव्हते. त्या काळोख्या थंडीत हे उमगेल असे कुठलेही जहाज तिथे नव्हते. यंत्र दोन वर्षे उशिरा सुटले असते, तर या घटनेची सुरुवात हातातून गेली असती. चार वर्षे उशिरा सुटले असते, तर ती घडली हेच आपल्याला कळले नसते. २०१६ आणि २०१७ मध्ये त्याच भागात पुन्हा पाणी उघडे पडले, पण फार लहान. तुलना करता आली ती जुनी नोंद होती म्हणून.

सलग नोंद सुरू होते ती ऑक्टोबर १९७८ मध्ये निम्बस-७ उपग्रह सुटल्यापासून. त्यावरचे यंत्र वीज वाचवण्यासाठी एक दिवसाआड चालवले जाई. १९८७ च्या मध्यात दुसऱ्या मालिकेतला, अमेरिकी संरक्षण खात्याचा हवामान उपग्रह सुरू झाला. जुने आणि नवे यंत्र एकत्र चालले जेमतेम दीड महिना. तेवढ्या दिवसांच्या नोंदी जुळवून दोन्हींचा सांधा जोडलेला आहे. डिसेंबर १९८७ ते जानेवारी १९८८ या काळात महिनाभराहून अधिक दिवसांची नोंद नाहीच. आज जगभर छापल्या जाणाऱ्या प्रत्येक आलेखाच्या पोटात हा दीड महिन्याचा सांधा आणि हे खिंडार आहे.

आता आपल्याकडे येऊ. भास्कर-२ हा भारताचा उपग्रह २० नोव्हेंबर १९८१ रोजी सुटला. त्यावर सूक्ष्मलहरींचा रेडिओमीटर होता. त्यानंतर १६ दिवसांनी, ६ डिसेंबरला, गोव्याहून डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेच्या जहाजातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिथे पोहोचली. यंत्र आकाशात, माणसे समुद्रात, तरी दोघांची भेट होणे शक्य नव्हते. भास्करची कक्षा विषुववृत्ताशी साधारण ५१ अंशांच्या कोनात होती; ध्रुव त्याला दिसतच नसत. तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ मध्ये, आपल्या विदर्भाशी जन्माचे नाते असलेल्या, नागपूरला जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत गेल्या. भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या, या दोघी भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रिया. इथल्या शाळांत त्यांचे नाव जितके ऐकू यायला हवे तितके येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ध्रुवांवरून जाणारा आपला पहिला सूक्ष्मलहरी रेडिओमीटर २६ मे १९९९ रोजी श्रीहरिकोट्याहून ओशनसॅट-१ बरोबर गेला. त्याचे नाव एमएसएमआर. ६.६ ते २१ गिगाहर्ट्‌झमधल्या चार वारंवारिता तो मोजत असे. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातील शास्त्रज्ञांनी गोव्याच्या ध्रुवीय केंद्राबरोबर त्यावरून अंटार्क्टिकाच्या समुद्री बर्फाचे नकाशे केले आणि ते आधीच्या अमेरिकी नोंदींच्या शेजारी ठेवून पाहिले. गोव्यात वास्कोला असलेले हे केंद्र १९९८ चे. आज त्याचे नाव राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. ते काम उत्तम झाले. पण एमएसएमआरनंतर ध्रुवांकडे पाहणारा तसा दुसरा रेडिओमीटर आपण सोडला नाही. २००९ च्या ओशनसॅट-२ वर, २०१६ च्या स्कॅटसॅट-१ वर आणि २०२२ च्या ओशनसॅट-३ वर स्कॅटरोमीटर गेले. ते वाऱ्यासाठी आहेत, त्यांवरून बर्फाची कड चांगली काढता येते. २०१३ च्या सरल-अल्टिकाने बर्फ पाण्याच्या वर किती उचललेला आहे हे मोजून जाडीचा अंदाज दिला. पण मूळ रेडिओमीटरचा धागा सुटला तो सुटलाच.

जहाजाला मात्र २५ किलोमीटरचा चौकोन काय कामाचा? त्याला हवी असते पुढच्या दहा किलोमीटरमधली भेग. तिथे रडार उपग्रह येतात. ते स्वतः लहरी सोडतात आणि परतलेला प्रतिध्वनी टिपतात. गुळगुळीत नवा बर्फ काळा दिसतो, एकमेकांवर चढलेल्या लाद्यांच्या कडा उजळ. एप्रिल २०१२ च्या आपल्या रिसॅट-१ ने आणि फेब्रुवारी २०२२ च्या ईओएस-०४ ने अशी चित्रे दिली. मैत्री आणि भारती या अंटार्क्टिकावरच्या आपल्या दोन केंद्रांकडे जाणाऱ्या जहाजांना अहमदाबादहून बर्फाची सूचना दिली जाते. भारती केंद्र प्रिड्‌झ उपसागराच्या कडेला आहे. किनाऱ्याला घट्ट चिकटलेला बर्फ आणि त्याबाहेर वाऱ्याने सरकणारा मोकळा बर्फ यांतून वाट काढायची असते. डिसेंबर २०१३ मध्ये ‘अकादमिक शोकाल्स्की’ हे रशियन जहाज असे अडकले, की त्यावरच्या ५२ जणांना चिनी हेलिकॉप्टरने उचलून ऑस्ट्रेलियन जहाजावर न्यावे लागले. वाऱ्याने बर्फ दाबत आणला आणि पाणी मिटले. उलट उदाहरणही आहे. अंटार्क्टिकाचा शोधप्रवासी शॅकल्टन याचे ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज वेडेल समुद्रात बर्फाच्या दाबाने चिरडून १९१५ मध्ये बुडाले. ते ३,००८ मीटर खोलीवर मार्च २०२२ मध्ये सापडले, त्या शोधजहाजाला दाट बर्फातून वाट दाखवणाऱ्यांत जर्मन रडार उपग्रहांची चित्रे होती.

रडारचा नकाशा आजही बऱ्याच देशांत अनुभवी माणूस हाताने आखतो. त्याच्यावर अंडाकृती चौकटीत आकडे लिहिण्याची आंतरराष्ट्रीय रीत आहे: एकूण किती दशांश बर्फ, त्यात किती जुना, लाद्या केवढ्या. संगणकाला वाऱ्याने फेसाळलेले पाणी आणि खडबडीत बर्फ यांत सहज गोंधळ होतो. ज्याने हिवाळे पाहिले आहेत त्याची नजर अजून उपयोगी पडते. २०२५ च्या ३० जुलैला इस्रो आणि नासाचा निसार हा नवा रडार उपग्रह सुटला. तो बारा दिवसांत पुन्हा त्याच जागी येतो, आणि सतत डावीकडे पाहत असल्याने त्याला दक्षिण ध्रुवाकडचा प्रदेश अधिक चांगला दिसतो. अंटार्क्टिकाच्या कामासाठी ही मोठीच सोय आहे.

आता आकडे. उत्तर ध्रुवीय समुद्रात बर्फ सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी असतो. १९८१ ते २०१० या काळातली त्याची सरासरी सुमारे ६२ लाख चौरस किलोमीटर. १६ सप्टेंबर २०१२ च्या सुमारास तो ३४ लाखांवर आला, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाहून थोडाच अधिक. दर दशकाला सुमारे बारा टक्क्यांची घट आहे. दक्षिणेची कथा अशी सरळ नाही, आणि ती मुद्दाम सांगितली पाहिजे. तिथे २०१४ पर्यंत बर्फ थोडा वाढतच होता. त्या सप्टेंबरात तो दोन कोटी चौरस किलोमीटरच्या पुढे गेला. मग दोन वर्षांत चित्र पालटले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो १८ लाखांच्या खाली आला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हिवाळी कमालही १ कोटी ७० लाखांच्या आतच थांबली. ज्यांनी १९९५ ते २०१४ एवढीच वर्षे पाहून ‘दक्षिणेत तर बर्फ वाढतोय’ असे ठामपणे सांगितले, त्यांना लांब नोंदीने उत्तर दिले. उद्या ती आपल्यालाही एखादे उत्तर देईल, आणि ते मान्य करण्याची आपली तयारी हवी. बर्फ गेला की काय होते? बर्फ आणि त्यावरचे हिम ऊन बरेचसे परत फेकतात. उघडा समुद्र नव्वद टक्क्यांहून अधिक ऊन पिऊन घेतो.

आणि शेगावचे काय? गोव्याच्या याच केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेला असलेल्या कारा समुद्रात उन्हाळ्यातला बर्फ कमी झाला, तर त्याचा मध्य भारतातल्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीशी संबंध दिसतो. कमी बर्फामुळे वायव्य युरोपावर उच्च दाब तयार होतो, वरच्या हवेतली लाट आशियाकडे येते, आणि अरबी समुद्र उबदार असेल तर आर्द्रतेचा पुरवठा होतो, अशी त्यांची मांडणी आहे. हे एकमेव कारण आहे असे त्यांनी म्हटलेले नाही, आणि मीही म्हणणार नाही. एका सोयाबीनच्या शेताचे नुकसान थेट कारा समुद्राच्या माथी मारणे चुकीचे होईल. पण सप्टेंबरमध्ये कापणीला आलेल्या सोयाबीनवर पाऊस बसला की शेंगेतच कोंब फुटतात, कापूस बोंडात काळा पडतो, हे इथे कुणाला सांगायला नको. त्या पावसाच्या अंदाजात ध्रुवीय बर्फाचा एक आकडा जरी उपयोगी पडत असेल, तरी तो आकडा खात्रीचा असला पाहिजे.

म्हणून जून २०२५ अखेरची बातमी वाचून मी अस्वस्थ झालो. अमेरिकेने जाहीर केले की संरक्षण खात्याच्या उपग्रहांवरच्या सूक्ष्मलहरी नोंदी महिनाअखेरीपासून दिल्या जाणार नाहीत. मग मुदत जुलैअखेरपर्यंत वाढली, आणि पुढे यंत्रे चालतील तोवर किंवा सप्टेंबर २०२६ पर्यंत नोंदी मिळतील असे ठरले. १९८७ पासून जगाची बर्फनोंद मुख्यतः त्या मालिकेवर उभी राहिली. सुदैवाने २०१२ पासून जपानचे एएमएसआर-२ हे सूक्ष्मलहरी यंत्र चालू आहे आणि त्याच २०२५ च्या जूनअखेरीस त्याचा वारसदार सुटला. युरोपही तयारीत आहे. पण विचार करा, जगातल्या सगळ्या देशांची ही सामायिक नोंद एका देशाच्या एका खात्याच्या निर्णयाने थांबू शकते. भारत १९८३ पासून अंटार्क्टिक कराराचा सल्लागार सदस्य आहे, २०२२ मध्ये त्याने अंटार्क्टिक कायदा केला आणि आर्क्टिक धोरण जाहीर केले, आर्क्टिकमध्ये नी-ऑलेसुंडला २००८ पासून ‘हिमाद्री’ हे केंद्र आहे. अशा देशाने या नोंदीत आपला स्वतःचा धागा विणायला हवा. १९९९ मध्ये आपण ते करून दाखवले होते. आता ३७ आणि ८९ गिगाहर्ट्‌झसह नवा ध्रुवीय रेडिओमीटर सोडावा, तोही जुन्या परदेशी यंत्रांबरोबर किमान वर्षभर एकत्र चालवून, म्हणजे सांधा दीड महिन्याचा राहणार नाही. कमी झगमगाटाचे काम म्हणून ते मागे पडता कामा नये.

इथे बरेच विद्यार्थी बसलेले आहेत, त्यांना मी एक काम सुचवतो. १९७९ पासूनचे समुद्री बर्फाचे नकाशे इंटरनेटवर फुकट मिळतात. नागपूरला राज्याचे सुदूर संवेदन केंद्र आहे, तिथे नकाशे वाचायला शिकवणारी माणसे आहेत. कारा समुद्राचा ऑगस्टमधला बर्फ आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या आपल्या महसूल मंडळाचा सप्टेंबरचा पाऊस, हे दोन आकडे वर्षनिहाय शेजारी मांडा. पंचेचाळिसेक जोड्या मिळतील. त्यांतून ठाम निष्कर्ष निघेल अशी आशा धरू नका. एका मंडळाच्या पावसात स्थानिक चढउतार फार असतात. म्हणून एकाच मंडळावर न थांबता अकोला, अमरावती, यवतमाळ जोडून सरासरी घ्या. पुढे हिवाळ्याचे आकडेही घेतलेत, तर १९८७ च्या अखेरची जी नोंद नाही, ती दोन्ही बाजूंच्या आकड्यांची सरासरी घालून भरू नका. तिथे रिकामी जागाच ठेवा.